श्रेणीकृत संमिश्र स्प्रिंग

श्रेणीकृत संमिश्र स्प्रिंग : दोन किंवा अधिक द्रव्यांपासून बनविलेली आणि जिच्या छेदात पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत त्या द्रव्यांचे प्रमाण क्रमाक्रमाने बदलत जाते अशी स्प्रिंग. प्रमाणाबरोबर बळकटी, ताठपणा व घनता हे गुणधर्मही छेदातील जागेनुसार बदलतात. वाहनांच्या निलंबनातील (चाके व सांगाडा यांना जोडणाऱ्या लवचिक यंत्रणेतील) स्प्रिंगांचे वजन घटविणे हा अशा रचनेचा मुख्य हेतू आहे. या स्प्रिंगांचे धातवीय प्रकार बहुतांशी संशोधनाच्या अवस्थेत आहेत. तथापि ज्या तत्त्वावर त्या आधारलेल्या आहेत, ते तत्त्व नेहमीच्या पोलादी स्प्रिंगांतही वापरले जाते.

रस्त्यावरील खाचखळग्यांचा हादरा चाकाला बसला की, स्प्रिंग दबते, त्या हालचालीतील ऊर्जा स्वतःत साठवते व नंतर परत देते. ही परत मिळणारी ऊर्जा हादरेशोषकात उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. स्प्रिंगेचे एक टोक सांगाड्याला व दुसरे चाकाच्या आसाला किंवा भुजेला जोडलेले असते. त्यामुळे तिच्या वजनाचा काही भाग चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या वजनात, म्हणजे स्प्रिंगेखालील वजनात, मोजावा लागतो. हे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याच्या पृष्ठभागाचा मागोवा अधिक चांगला घेते. परिणामी रस्त्यावरील पकड सुधारते व प्रवाशांना बसणारे धक्के कमी होतात. एकंदर वजन घटल्याने इंधनाची वा विजेरीतील विजेची बचत होते, हा आणखी एक लाभ.

इतिहास : स्प्रिंगेचे ताणले जाणे हे तिच्यावरील प्रेरणेच्या प्रमाणात असते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये विवरणासह प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये ओबादाया एलियट यांनी १८०४ मध्ये घोडागाड्यांसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगेचे एकस्व (पेटंट) मिळविले. मोटारगाड्यांनी प्रथम हीच पाट्यांची स्प्रिंग उचलली. पुढे प्रवासी मोटारींत मळसूत्री स्प्रिंगांचा प्रसार झाला. मालमोटारी व बसगाड्या यांत मात्र पाटे टिकून राहिले. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट या मोटारीत १९८१ पासून मागील बाजूस आडवा बसविलेला, काचतंतू व इपॉक्सी रेझीन यांचा एकच पाटा वापरण्यात आला. आधीच्या पोलादी पाट्यांच्या जुडग्याचे वजन सु. १८·६ किग्रॅ. होते, तर या एका पाट्याचे सु. ३·६ किग्रॅ. भरले. फोक्सवॅगन कंपनीने २००१ मध्ये लूपो एफएसआय या छोट्या मोटारीच्या मागील चाकांसाठी टिटॅनियमाच्या मिश्रधातूच्या मळसूत्री स्प्रिंगा वापरल्या. ऑडी कंपनीने २०१४ मध्ये काचतंतू-संमिश्राची मळसूत्री स्प्रिंग जाहीर केली. पोलादी स्प्रिंगेचे सु. २·७ किग्रॅ. वजन तीत सु. १·६ किग्रॅ.पर्यंत उतरले होते.

द्रव्यात हेतुपुरस्सर श्रेणी निर्माण करण्याची आधुनिक कल्पना मात्र वेगळ्या क्षेत्रातून आली. जपानमध्ये सेंदाई येथील संशोधकांनी १९८४ च्या सुमारास अंतराळ-विमानाच्या उष्णतारोधक आवरणासाठी ती मांडली. एका बाजूस तीव्र उष्णता सोसणारे मृत्तिका द्रव्य व दुसऱ्या बाजूस चिवट धातू हवी होती. ही दोन एकमेकांस नुसती चिकटविली, तर त्यांच्या औष्णिक प्रसरणातील फरकामुळे सांध्यात तडे जातात. म्हणून एकाचे प्रमाण हळूहळू कमी व दुसऱ्याचे वाढते ठेवण्यात आले. अशा द्रव्यांस ‘कार्यानुसार श्रेणीकृत द्रव्ये’ असे नाव पडले.

वजन कशावर ठरते : दिलेल्या मळसूत्री स्प्रिंगेने विशिष्ट भार विशिष्ट अंतरापर्यंत पेलावा, अशी अट असते. म्हणजेच तिने साठवावयाची ऊर्जा ठरलेली असते. गोल सळईच्या अशा स्प्रिंगेसाठी लागणारे द्रव्याचे वजन हे त्या द्रव्याची घनता व कर्तरी गुणांक (पीळ पडण्यास होणाऱ्या विरोधाचे माप) यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात असते, तर अनुज्ञेय प्रतिबलाच्या (द्रव्याने वारंवार सुरक्षितपणे सोसावयाच्या, एकक क्षेत्रफळावरील प्रेरणेच्या) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. या साध्या नियमातून काही अनपेक्षित निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष असा की, ताठ द्रव्य स्प्रिंगेस उपकारक नसते. तुळई किंवा खांब यांत ताठपणा हा गुण ठरतो, तर स्प्रिंगेत त्याने वजन वाढते. दुसरा निष्कर्ष असा की, हलकी धातू घेतली म्हणजे स्प्रिंग हलकी होतेच असे नाही. पोलादाची घनता ७·८५ व कर्तरी गुणांक सु. ७९ गिगॅपास्काल असून त्यांचा गुणाकार सु. ६२० येतो. उच्चबलाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंसाठी हाच गुणाकार सु. ७५ आहे. तो आठपटींहून लहान असला, तरी प्रतिबलाचा वर्ग येत असल्याने ॲल्युमिनियमाला पोलादाशी नुसती बरोबरी साधण्यासाठी पोलादाच्या अनुज्ञेय प्रतिबलाच्या सु. ३५ टक्के प्रतिबल सोसावे लागते. मोटारींच्या स्प्रिंगांतील उत्तम पोलाद १,००० मेगॅपास्कालच्या आसपासचे कर्तरी प्रतिबल सोसते. त्याच्या ३५ टक्के एवढे प्रतिबल लक्षावधी वेळा सोसणे ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंना शक्य होत नाही. म्हणून ॲल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे हलके असूनही मोटारीच्या मुख्य स्प्रिंगांसाठी मागे पडते. टिटॅनियमाच्या मिश्रधातूंसाठी गुणाकार सु. १९० असून त्यांना पोलादाच्या निम्म्याहून थोडे अधिक प्रतिबल सोसले, तरी बरोबरी साधते. त्या याहून बरेच अधिक सोसतात म्हणून त्यांच्या स्प्रिंगा खरोखरच हलक्या होतात. त्यांच्या प्रसारास आड येते ती किंमत.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. अनुज्ञेय प्रतिबल १० टक्क्यांनी वाढविता आले, तर वजन सु. १७ टक्क्यांनी घटते. २० टक्क्यांनी वाढविता आले, तर सु. ३० टक्क्यांनी घटते. स्प्रिंग हलकी करण्याचा प्रश्न त्यामुळे मुख्यतः तिच्यावर किती प्रतिबल येऊ द्यावयाचे, याचा प्रश्न ठरतो.

छेदातील विभागणी : मळसूत्री स्प्रिंग दबताना तिच्या सळईस पीळ बसतो. या पिळामुळे होणारी विकृती अक्षाशी शून्य असून पृष्ठभागाकडे सरळ प्रमाणात वाढत जाते. साठलेली ऊर्जा विकृतीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने सळईच्या आतील अर्ध्या व्यासाच्या गाभ्यात एकूण वजनाचा चौथा हिस्सा असतो, पण त्यात एकूण ऊर्जेचा केवळ सोळावा हिस्सा साठतो. पाट्याच्या बाबतीत वाकण्यामुळे एका पृष्ठावर ताण व दुसऱ्यावर दाब येतो आणि मधला थर जवळजवळ निष्क्रिय राहतो. आयताकृती छेदाच्या पाट्यात मधल्या अर्ध्या जाडीत निम्मे वजन, पण आठवा हिस्सा ऊर्जा असते. थोडक्यात, काम पृष्ठभाग करतो व गाभा बहुतांशी ओझे होऊन राहतो.

यावर सर्वांत सरळ उपाय गाभा काढून टाकणे हा आहे. पोकळ सळई वापरल्यास वजन चांगलेच घटते. मोटारीचे कलंडणे रोखणारे स्थिरीकारक दांडे अनेक वाहनांत पोकळ नळीचेच असतात. गाभ्यात ॲल्युमिनियम भरून पृष्ठभाग पोलादाचा ठेवणे हा दुसरा मार्ग सुचतो. परंतु हिशेब केला असता अर्ध्या व्यासाच्या पोकळीने २५ टक्के वजन वाचते, तर ती ॲल्युमिनियमाने भरल्यास बचत सु. १६ टक्क्यांवर येते आणि बदल्यात ताठपणात केवळ २ टक्क्यांच्या आसपास भर पडते. वळविताना नळी चेपली जाऊ नये, एवढाच भरावाचा मुख्य उपयोग. शिवाय पोलादाचे कठिनीकरण सु. ८५०° ते ९००° से. तापमानाला करावे लागते व ॲल्युमिनियम ६६०° से.ला वितळते. त्यामुळे या दोन धातूंची जोडी एकत्र तापविता येत नाही.

नेहमीच्या स्प्रिंगांतील श्रेणी : पूर्णतः एकजिनसी अशी स्प्रिंग व्यवहारात सहसा नसते. पोलादी सळई भट्टीत तापविताना पृष्ठभागातील कार्बन हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून निघून जातो. पृष्ठभागी तयार होणारा हा मऊ थर नेमक्या सर्वाधिक प्रतिबलाच्या जागी असतो व तेथूनच तडा सुरू होतो. ही अनिष्ट श्रेणी होय. याउलट, तयार स्प्रिंगेवर बारीक पोलादी छऱ्यांचा वेगाने मारा केल्यास (शॉट पीनिंग) पृष्ठभागालगतच्या काही दशांश मिमी. थरात कायमचे दाबाचे प्रतिबल उरते. भाराने येणाऱ्या ताणाला ते परस्पर छेद देते. परिणामी तडा पडण्यास विलंब होतो व अनुज्ञेय प्रतिबल वाढते. पृष्ठभागात नायट्रोजन मुरविण्याची नायट्राइडीकरणाची क्रियाही याच हेतूने काही स्प्रिंगांवर, विशेषतः एंजिनाच्या झडपांच्या स्प्रिंगांवर, केली जाते. या दोन्ही इष्ट श्रेणी होत. पाट्यांमध्ये लांबीच्या दिशेने जाडी कमी करीत नेणे हा श्रेणीचाच भौमितिक प्रकार आहे. सर्वत्र सारख्या छेदाच्या पाट्यापेक्षा असा निमुळता पाटा सारख्या वजनात सैद्धांतिक दृष्ट्या तिप्पट ऊर्जा साठवू शकतो.

धातवीय संमिश्रे : धातूच्या आधारद्रव्यात मृत्तिका द्रव्याचे कण वा तंतू मिसळून ही बनवितात. ॲल्युमिनियमात सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिना यांचे कण मिसळल्यास ताठपणा, कठिनता व झिजेचा रोध वाढतो. टोयोटा कंपनीने १९८३ मध्ये डीझेल एंजिनाच्या दट्ट्यांत मृत्तिका तंतूंनी प्रबलित ॲल्युमिनियम वापरले. स्प्रिंगेत मात्र वर सांगितल्याप्रमाणे ताठपणा हा दोष ठरतो. तसेच कणांमुळे द्रव्याची लांबण्याची क्षमता घटते आणि पृष्ठभागालगत असलेला प्रत्येक मोठा कण तड्याचे संभाव्य उगमस्थान होतो.

म्हणून कण कोठे ठेवावयाचे हा कळीचा प्रश्न आहे. ‘कठीण ते बाहेर, मऊ ते आत’ ही सुरी-तलवारींच्या पात्यांवरून सुचणारी रीत येथे उलट करावी लागते. कण गाभ्याकडे अधिक व पृष्ठभागाकडे विरळ ठेवून सर्वांत बाहेरचा थर शुद्ध, चिवट मिश्रधातूचा राखल्यास दोन गोष्टी साधतात. कमी विकृतीच्या गाभ्याला अधिक ताठ द्रव्य मिळाल्याने तोही भाराचा वाटा उचलतो आणि जेथे विकृती सर्वाधिक असते तेथे तड्यास निमित्त होणारे कण राहत नाहीत. यांपैकी पहिल्या गोष्टीपासून होणारा लाभ थोडा आहे. गोल सळईच्या आतील अर्ध्या व्यासात ताठपणा ४० टक्क्यांनी वाढविला, तरी ऊर्जासंचयात केवळ अडीच टक्क्यांच्या आसपास भर पडते. खरा लाभ दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे पृष्ठभागाचे अनुज्ञेय प्रतिबल टिकविण्यात व वाढविण्यात आहे.

निर्मिती : श्रेणी निर्माण करण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत. (१) चूर्ण पद्धती : धातूची व कणांची चूर्णे निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून ती साच्यात एकावर एक किंवा एकाभोवती एक अशा थरांनी भरतात, दाबतात व वितळबिंदूच्या खालील तापमानाला तापवून एकजीव करतात. प्रमाणावर नियंत्रण चांगले राहते. परंतु सूक्ष्म पोकळ्या राहिल्यास त्या तड्यांना जन्म देतात. म्हणून असा ठोकळा नंतर उष्ण अवस्थेत मुद्रेतून रेटून (बहिःसारणाने) त्याची सळई काढतात. (२) केंद्रोत्सारी ओतकाम : कणमिश्रित वितळलेली धातू फिरत्या साच्यात ओततात. सिलिकॉन कार्बाइड वितळलेल्या ॲल्युमिनियमापेक्षा जड असल्याने त्याचे कण बाहेरच्या बाजूस सरकतात व सलग श्रेणी आपोआप तयार होते. झिजणाऱ्या नळकांड्यांना ही सोयीची आहे, पण स्प्रिंगेस हवी असलेली श्रेणी याच्या उलट असते. (३) दाबाने भरण : कणांचा वा तंतूंचा सच्छिद्र साचेबंद सांगाडा आधी बनवून त्यात वितळलेली धातू दाबाखाली भरतात. सांगाडा गाभ्यापुरताच ठेवल्यास पृष्ठभाग कणरहित राहतो. (४) फवारणी व लेसर निक्षेपण : धातूच्या चूर्णाचा थरावर थर चढवीत प्रत्येक थराचे प्रमाण बदलता येते. ही पद्धती लवचिक, परंतु मंद व खर्चिक आहे.

वितळलेल्या ॲल्युमिनियमाशी सिलिकॉन कार्बाइडाचा दीर्घ काळ संपर्क आल्यास ॲल्युमिनियम कार्बाइड हे ठिसूळ व ओलाव्याने विघटन पावणारे संयुग तयार होते. मिश्रधातूत पुरेसे सिलिकॉन ठेवून व तापमान मर्यादेत राखून ते टाळतात.

तयार झालेली सळई मळसूत्राकार वळविणे हा पुढचा कठीण टप्पा असतो. वळणाच्या बाहेरील बाजूस द्रव्य ताणले जाते व कणांचे प्रमाण जास्त असल्यास तेथे भेगा पडतात. त्यामुळे वळण उष्ण अवस्थेत व सावकाश द्यावे लागते. नंतर मिश्रधातूस योग्य असे उष्णतोपचार, पृष्ठभागाचे घासकाम, छऱ्यांचा मारा व गंजरोधक लेप या क्रिया होतात. अखेरीस स्प्रिंग एकदा नेहमीच्या भाराहून अधिक दाबून ‘बसवितात’, म्हणजे वापरात ती आणखी खचत नाही.

तंतू-संमिश्रांतील श्रेणी : पीळ बसलेल्या सळईच्या पृष्ठभागावर अक्षाशी ४५° कोन करणाऱ्या दिशांनी शुद्ध ताण व शुद्ध दाब असतो. म्हणून काचतंतूंच्या मळसूत्री स्प्रिंगेत गाभ्याभोवती तंतूंचे थर आळीपाळीने या दोन दिशांनी गुंडाळतात. येथे द्रव्य तेच राहून तंतूंची दिशा बदलते. हीही एक प्रकारची श्रेणीच होय. काचतंतू-संमिश्राचा ताठपणा कमी, घनता सु. २ व सोसता येणारी विकृती मोठी असल्याने वजनाच्या मानाने ते पोलादाच्या कित्येक पट ऊर्जा साठवू शकते. ते गंजत नाही, हाही त्याचा गुण आहे. अधिक आकारमान आणि टोकांना धातूच्या भागांशी जोडण्यातील अडचण हे त्याचे मुख्य दोष होत.

सुरक्षितता व परीक्षण : हलकी स्प्रिंग म्हणजे मर्यादेच्या अधिक जवळ काम करणारी स्प्रिंग. जाड पोलादी स्प्रिंगेस रस्त्यावरील खडीचा टवका उडून लेप निघाला व तेथे गंजाचा खड्डा पडला, तरी ती बराच काळ टिकते. अधिक प्रतिबलाच्या बारीक सळईत तेवढाच खड्डा लवकर तड्यात रूपांतरित होतो. श्रेणीकृत संमिश्रांत यात दोन धोक्यांची भर पडते. निरनिराळ्या धातू ओलाव्यात एकत्र आल्यास त्यांच्यात विद्युत् रासायनिक क्रिया होऊन एकीचे क्षरण झपाट्याने होते. तसेच औष्णिक प्रसरणातील फरकामुळे (पोलादाचे दर अंश से.ला दशलक्षांश १२ व ॲल्युमिनियमाचे २३) त्यांच्या सांध्यात तापमानाबरोबर बदलणारे प्रतिबल निर्माण होते. श्रेणी जितकी सलग, तितका हा दुसरा धोका कमी होतो.

मालमोटारीच्या पाट्यांच्या जुडग्यात एक पाटा तुटला, तरी उरलेल्या पाट्यांवर गाडी सावकाश चालवत दुरुस्तीच्या जागेपर्यंत नेता येते. वजनदार व जुनाट वाटणाऱ्या या रचनेचा हा मोठा गुण आहे. एकाच हलक्या पाट्यात किंवा सळईत तो राहत नाही. मळसूत्री स्प्रिंगेचे तुटलेले टोक टायरात घुसण्याचाही संभव असतो. म्हणून नव्या स्प्रिंगेची केवळ सरासरी बळकटी पाहून भागत नाही, तर अनेक नमुन्यांपैकी सर्वांत कमकुवत नमुना किती टिकतो हे पाहावे लागते. त्यासाठी लक्षावधी आवर्तनांची शिणवट्याची परीक्षा, मिठाच्या फवाऱ्यातील परीक्षा, खडीच्या माऱ्यानंतरची परीक्षा व अखेर प्रत्यक्ष वाहनातील परीक्षा घेतात. अंतर्गत पोकळ्या व कणांचे पुंजके शोधण्यासाठी श्राव्यातीत तरंग व क्ष-किरण यांचा उपयोग होतो. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था भारतात वाहने व त्यांचे भाग यांच्या परीक्षणाचे काम करते.

रस्त्यावरील बहुसंख्य वाहनांच्या स्प्रिंगा पोलादाच्याच आहेत. सिलिकॉन, क्रोमियम वा व्हॅनेडियम असलेली स्वच्छ पोलादे, निमुळते पाटे आणि छऱ्यांचा मारा यांमुळे त्यांचे वजन पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले असून त्यांची किंमत कोणत्याही संमिश्रापेक्षा कमी पडते. वापरानंतर पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते, तर धातूत मिसळलेले कण वेगळे करणे अवघड असते. श्रेणीकृत धातवीय संमिश्राला या स्पर्धेत टिकावयाचे असल्यास केवळ हलकेपणा पुरेसा नाही. कणरहित व निर्दोष असा बाह्य थर प्रत्येक स्प्रिंगेत खात्रीने व स्वस्तात मिळवून देणारी निर्मितिपद्धती ही त्याची खरी गरज आहे. कारण स्प्रिंगेचे वजन आणि आयुष्य ही दोन्ही अखेर तिच्या पृष्ठभागाच्या काही दशांश मिमी. जाडीत ठरतात.